कोपऱ्यांतली झाक

कोपऱ्यांत फोटो काळवंडतो, हे इथल्या सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. साध्या लेन्समध्ये तिरक्या किरणांचा प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. ३० अंशांवर ५६ टक्के उरतो, ४५ अंशांवर जेमतेम २५, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) लहान केलं की लेन्सच्या नळीने अडवलेला प्रकाश परत मिळतो, चौथ्या घाताने गेलेला मिळत नाही.

हा अंधार तिन्ही रंगांत सारखा असता, तर एका स्लायडरवर भागलं असतं. तो सारखा नसतो, आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे.

२००६ साली लायका कंपनीचा एम८ हा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा आला. अशा, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात वाइड लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या अगदी जवळ येतो, कोपऱ्यांतले किरण फारच तिरके पडतात. असे किरण जाड काचेतून गेले की चित्र बिघडतं, म्हणून सेन्सरवरची अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश अडवणारी काच अर्ध्या मिलिमीटरची ठेवली होती. झालं काय, की अवरक्त प्रकाश आत शिरू लागला आणि काळं कृत्रिम कापड जांभळट दिसू लागलं. मग कंपनीने ग्राहकांना लेन्सपुढे लावायचे फिल्टर फुकट दिले. या फिल्टरवर अतिशय पातळ थर असतात आणि त्या थरांमधल्या परावर्तनांवर त्यांचं काम चालतं. किरण तिरका आला की अशा फिल्टरची सीमा कमी तरंगलांबीकडे सरकते. मध्यभागी फक्त अवरक्त अडतं, कोपऱ्यात त्याच्याबरोबर लालही कापला जातो. लाल कमी झाला की उरते हिरवट-निळी झाक. कापड सुधारलं आणि कोपरे बिघडले! लेन्सच्या माउंटवरच्या सहा काळ्या-पांढऱ्या खुणांवरून कॅमेरा लेन्स ओळखायचा, शेवटी त्यावरूनच त्या लेन्सपुरती दुरुस्ती आतच होऊ लागली.

२००९च्या एम९मध्ये आणखी एक तऱ्हा. काही वाइड लेन्सनी डावी कड लालसर यायची. झाक एकाच बाजूला असेल, तर ‘केंद्रापासून अंतर’ हे सूत्र काय कामाचं? तिथे पूर्ण चौकटीचा नकाशाच लागतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कॅमेऱ्यासाठीच्या फायली उघडून बघा. पाय ४पर्यंतच्या फायलींत १६ गुणिले १२ चौकोनांचे तक्ते आहेत. लाल आणि निळ्यासाठी वेगवेगळे, तेही निरनिराळ्या रंगतापमानांना (प्रकाश किती पिवळट वा निळसर, त्यानुसार), शिवाय उजळपणाचा तक्ता निराळा. रंगतापमान कशाला? तारेच्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात लाल-अवरक्ताचा भरणा जास्त, म्हणून त्याच लेन्सची झाक उन्हात एक आणि बल्बखाली दुसरी. आणि लेन्स बदलून तक्ता जुनाच ठेवलात, तर चित्राच्या मधोमध गुलाबी डाग उठू शकतो.

आपला तक्ता आपणच करावा, या मताचा मी आहे. खगोलवाले हे नेहमी करतात. संधिप्रकाशातल्या एकसारख्या आकाशाचा फोटो घ्यायचा आणि त्याने ताऱ्यांच्या फोटोला भागायचं. आकाशाच्या त्या फोटोला ते फ्लॅट म्हणतात. आपल्याला आकाश नको, लेन्सपुढे दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा धरा. लेन्स, अ‍ॅपर्चर, फोकस जसंच्या तसं. कुठलाही चॅनेल (लाल, हिरवा वा निळा) कमाल मर्यादेला जाऊन पांढरा फुटू देऊ नका. चार-सहा फोटोंची सरासरी काढा, नाहीतर फ्लॅटमधला नॉइज (दाणेदार गडबड) प्रत्येक फोटोत उतरेल.

(प्रेक्षकांतून प्रश्न : पांढऱ्या भिंतीचा फोटो चालेल का?) नाही चालणार. भिंतीच्या एका बाजूला खिडकी असते. तिचा उजेड फ्लॅटमध्ये आला, की तुमच्या प्रत्येक फोटोची ती बाजू काळसर होत राहील.

आता भागाकार. इथे घाई नको. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्यांत, शून्य हा खरा शून्य नसतो, पूर्ण काळ्यालाही एक आकडा असतो, ती ब्लॅक लेव्हल. समजा ती ५१२ आहे. फ्लॅटमध्ये मध्यभागी ८५१२, कोपऱ्यात २५१२. आधी ५१२ वजा केलेत तर ८००० आणि २०००, गुणक ४. आता फोटोतल्या कोपऱ्यात एक गडद पिक्सेल ६१२चा आहे. त्यात प्रकाश फक्त १००, चौपट केला की ४००. वजाबाकी विसरलात तर गुणक ३.३९ येतो, ६१२चे २०७४ होतात आणि नंतर ५१२ काढूनही १५६२ उरतात. सावली होती तिथे धुरकट पांढुरकी चादर! शिवाय प्रत्येक चॅनेलचा गुणक वेगळा, म्हणजे ती चादरही रंगीत. लोक मग व्हाइट बॅलन्सला (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या रंगदुरुस्तीला) दोष देत बसतात. म्हणून लाल, निळा आणि दोन्ही हिरवे चॅनेल (सेन्सरच्या दर चार पिक्सेलांत दोन हिरवे असतात) वेगवेगळे, रॉवरच, व्हाइट बॅलन्सच्या आधी भागायचे.

हे हाताने करायचं नसेल तर कॅप्चर वन, लाइटरूम क्लासिक, रॉथेरपी या तिन्ही फोटो सॉफ्टवेअरांत सोय आहे. कॅप्चर वनमध्ये रंगाची दुरुस्ती आणि उजळपणाची दुरुस्ती वेगवेगळी करता येते, ते मला फार आवडतं. कारण चौपट गुणक म्हणजे कोपऱ्यातला नॉइजही चौपट. माणसांच्या फोटोत मी रंग पूर्ण काढतो, अंधार निम्माच. जुन्या नकाशाची किंवा चित्राची प्रत करायची असेल, तर दोन्ही शंभर टक्के, आणि त्यासाठी कोपऱ्यांत पुरेसा प्रकाश पडेल असं एक्स्पोजर शूटिंगच्या वेळीच ठेवायचं.