सफरचंदाची साल

मंडळी, दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना आपल्या पिशवीत काय असतं? शहाळं, नाहीतर सफरचंदं. मग खाटेशेजारी बसून कुणीतरी सुरी घेतं आणि अशी बेताने साल काढतं की लांबच लांब फीत निघावी, मध्ये तुटू नये. बघणारेही कौतुकाने बघतात. ती फीत जाते केराच्या डब्यात. आज मला त्या फितीबद्दल बोलायचंय.

त्याआधी एक गैरसमज. चिरलेली फोड ताटलीत थोडा वेळ राहिली की तपकिरी पडते. ‘बघ, किती लोह आहे!’ असं माझी आजीसुद्धा म्हणायची. नाही हो! 100 ग्रॅम सफरचंदात लोह जेमतेम 0.1 मिलिग्रॅम. सुरी लागली की पेशी फुटतात, हवा लागते आणि फळातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, तिथल्या पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांचा रंग बदलतं. लिंबू चोळा, रंग चढायचा मंदावेल. क जीवनसत्त्वाचंही तसंच. सफरचंदात 4-5 मिलिग्रॅम आणि आपल्या पेरूत 200 च्या वर. तरी आजाऱ्याला पेरू कुणी नेत नाही!

मग सफरचंद खायचं कशासाठी? चोथ्यासाठी, म्हणजे फायबरसाठी. सालीसकट 100 ग्रॅममध्ये तो सुमारे 2.4 ग्रॅम असतो, साल काढली की 1.3 वर येतो. म्हणजे जवळजवळ निम्मा केरात. क्वेर्सेटिन नावाचं अँटिऑक्सिडंटही मुख्यतः सालीतच. गरातलं पेक्टिन, तोही एक चोथाच, मात्र उरतं. ते पाण्यात फुगून बुळबुळीत होतं, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. शिवाय कोलेस्टेरॉलपासून बनणारी पित्ताम्लं ते धरून बाहेर नेतं, म्हणून कोलेस्टेरॉलला थोडा आळा बसतो. थोडाच हं, गोळ्या बंद करू नका.

आणि रस? 1977 साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक लहानसा प्रयोग छापून आला होता. 10 जणांना सफरचंद तीन तऱ्हांनी दिलं, अख्खं, गर करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हींत सारखीच. रस अख्ख्या फळाच्या 11 पट वेगाने संपला, पोट सर्वांत कमी भरलं, इन्सुलिन जास्त वर गेलं आणि मागाहून साखर घसरली. फळ तेच, पण चावणं गेलं आणि चोथाही. मधुमेह असलेल्या घरात ‘ताजा रस आहे, पिऊ दे’ म्हणतात, तेव्हा मला हे आठवतं.

सालीवरच्या मेणाची भीती वाटते ना? कोमट पाण्यात हाताने चांगलं चोळून धुवा. अगदीच चकचकीत फळ घेऊच नका. बिया तेवढ्या काढून टाका.

मागे बसलेल्या काकांनी हात वर केलाय. काय म्हणता? कवळी आहे? मग सालीसकट बारीक किसा आणि चमच्याने सावकाश खा. किसलेलं लगेच तपकिरी होईल. होऊ दे.