शंभर पालकांमधला एक

मित्रहो, १९६७ साली डेन्मार्कमधल्या ‘पोलिटिकेन’ या दैनिकात बोडिल ग्रॉ यांचा एक लेख आला. मुलांना शंभर आईबाप हवेत, असं त्याचं शीर्षकच होतं. तो वाचून काही कुटुंबं एकत्र आली. यान गुडमन्ड-होयर या वास्तुविशारदाच्या मनात १९६४ पासून शेजाऱ्यांनी मिळून राहायच्या वस्तीचा विचार घोळत होता. या सगळ्यातून १९७२ मध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन ही २७ घरांची वसाहत उभी राहिली. को-हाउसिंग, आपण ज्याला सहनिवास म्हणतो, म्हणजे प्रत्येकाचं घर स्वतंत्र, पण जोडीला सगळ्यांचं मिळून एक सामाईक घर, त्याची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे या कल्पनेच्या अगदी मुळाशी मुलं आहेत, हे विसरू नका.

पण शंभर आईबाप म्हणजे नेमकं काय? वसाहतीत राहायला गेलं की मुलाला शंभर ओळखी मिळतात, हे खरं. गाड्या बाहेरच थांबतात, स्वयंपाकघराच्या खिडक्या पायवाटेकडे उघडतात, सामाईक घरात आठवड्यातून काही वेळा पंगत बसते. येता-जाता सगळे मुलाला नावानं हाक मारतात. एवढ्यानं मूल सुरक्षित होतं, धीट होतं. पण आपल्याला न जमलेली गोष्ट कुणाकडे न्यायची, मनातली भीती कुणाला सांगायची, हे शंभर ओळखींनी सुटत नाही. त्यासाठी आईवडिलांखेरीज एक-दोन माणसं त्याची स्वतःची असावी लागतात. माझं आजचं सगळं म्हणणं या एक-दोन माणसांबद्दल आहे.

हवाईच्या काउआई बेटावर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग अनेक दशकं घेतला. त्यांतली काही मुलं गरिबी, व्यसनं, भांडणं अशा अनेक संकटांत वाढली. तरीही त्यांच्यातली जवळपास एक तृतीयांश मुलं मोठेपणी नीट उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात आजी, शेजारीण, शिक्षक असं आईवडिलांपलीकडचं, टिकून राहिलेलं कुणीतरी होतं. शेजारीणसुद्धा! मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

आता काही वसाहती उत्साहानं जोड्या लावतात. या मुलीला या काकू, त्या मुलाला ते आजोबा, महिन्यातून दोनदा भेट. हेतू चांगला असतो, पण अशा भेटींत दोघंही अवघडून बसतात. नातं जमतं ते कामात. पंगतीचा स्वयंपाक पाळीपाळीनं होतो. त्या गटात दहा वर्षांच्या मुलाला खरं काम द्या. कांदे चिरू दे, मीठ किती ते त्याला ठरवू दे. लुटुपुटुची मदत मुलं लगेच ओळखतात. बागेत, सायकली दुरुस्त करायच्या खोलीत, सामाईक घराच्या रंगकामात, जिथे हात गुंतलेले असतात तिथे बोलणं आपोआप निघतं. तेराचौदा वर्षांच्या मुलांशी तर समोरासमोर बसून मनातलं बोलायला जाऊच नये. शेजारी उभं राहून चाक बसवताना ते स्वतःहून सांगतात. आणि आपलं माणूस कोण, हे मुलानंच ठरवायचं. ते आपल्याकडे आलं नाही, म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

इथे आईवडिलांची परीक्षा असते. आपलं मूल आपल्याला न सांगता शेजारच्या मावशींना सांगतं, हे मनाला लागतं. लागणारच. पण मावशींनी ते ऐकून संध्याकाळी आईच्या कानावर घातलं, तर ते मूल पुन्हा कुणाकडेच जाणार नाही. म्हणून मावशींनी आधीच स्पष्ट सांगावं: ‘तुझं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि कुणाला सांगायचं झालं तर तुला आधी सांगेन.’

सुरक्षिततेचे नियमही तितकेच उघड हवेत. मूल कुठे आणि कुणाबरोबर आहे हे घरी माहीत असावं, भेटी चारचौघांच्या नजरेसमोर किंवा उघड्या दारात व्हाव्यात, आणि ‘हे घरी सांगू नकोस’ असं कुठल्याही मोठ्या माणसानं मुलाला म्हणू नये. हे नियम सगळ्यांना सारखे, पहिल्या दिवसापासून लावा. कुणाबद्दल शंका आल्यावर नियम केला, की तो त्या माणसावरचा आरोप होतो. शेजारच्या मुलाला रागवायचा हक्क किती, हेही वसाहतीच्या बैठकीतच बोलून घ्या.

ज्यांना मुलं नाहीत किंवा ज्यांची मुलं दूर आहेत, ती माणसं यात फार सुंदर रमतात. त्यांना एकच विनंती. आपला एकटेपणा भरून काढायची जबाबदारी मुलावर येऊ देऊ नका. मूल दोन महिने फिरकलं नाही, तरी दार उघडं ठेवा.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो; तिच्याबद्दल वसाहतींत फार कमी बोललं जातं. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या स्वयंसेवकांच्या आणि किशोरवयीन मुलांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. फार लवकर तुटलेल्या जोड्यांत मात्र मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला होता. सहनिवासाचं बळ हेच, की तिथलं माणूस वर्षानुवर्षं तिथेच असतं. पण घरं विकली जातात, बदल्या होतात, माणसं आजारी पडतात. अशा वेळी सदस्यांना रीतसर पत्र जातं आणि मुलाला मात्र सामानाची गाडी आल्यावर कळतं. असं होऊ देऊ नका. जाणाऱ्यानं स्वतः, वेळ हाताशी असताना, मुलाला सांगावं. अर्धवट राहिलेलं काम दोघांनी पुरं करावं किंवा ते पुढे कुणाबरोबर करायचं हे मुलाला विचारावं. आणि फोन करीन म्हटलं असेल, तर फोन करावा.