दोन परिषदांच्या मधले महिने

(पुण्यात तरुण वैद्यकीय अधिकारी आणि सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आटोपशीर करून.)

परवा तुमच्यातल्याच एकीने मला तिचा अर्ज दाखवला. ती ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आरोग्य धोरणात काम करू पाहणाऱ्या आशियातल्या तरुणांच्या एका नेटवर्कमध्ये तिला जायचंय. अर्जात प्रश्न होता, ‘तुम्हाला का सामील व्हायचंय?’ तिने लिहिलं होतं, ‘आरोग्य व्यवस्थेत परिवर्तन घडवण्याची मला तळमळ आहे.’ मी म्हटलं, बाई गं, हे वाक्य वीस वर्षांपूर्वी मीही लिहिलं होतं. आणि माझी निवडही झाली होती, हे कबूल करते. पण त्या वाक्याचा तिथे गेल्यावर काडीचा उपयोग झाला नाही.

मी तेव्हा तालुका आरोग्य अधिकारी होते, सातपुड्याच्या पायथ्याशी. बँकॉकला पहिली बैठक. मी चांगल्या बावीस स्लाइड्स नेल्या होत्या, मातामृत्यू, कुपोषण, सगळे आलेख रंगीत. माझं झाल्यावर थायलंडमधल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाने हात वर केला. तो आलेखांबद्दल काही बोललाच नाही. त्याने विचारलं, ‘तुमच्या रुग्णालयात पैसे कुणाच्या सहीने खर्च होतात?’

मी सांगायला लागले. जनरेटरच्या डिझेलचं एक हेड, म्हणजे खर्चाचं खातं, औषधांचं दुसरं, रुग्ण कल्याण समितीचे पैसे वेगळे, समितीची बैठक लागेपर्यंत ते पडून. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी जे ‘धोरण, धोरण’ म्हणत होते, ते या सह्यांमध्ये होतं आणि माझ्या बावीस स्लाइड्समध्ये त्याचा पत्ता नव्हता. त्या माणसाकडे रुग्णालयाचं उत्पन्न रुग्णालयातच ठेवायची मुभा होती. तो दर महिन्याला हिशेब मांडून ठरवत होता. त्या दुपारी चहाच्या टेबलावर मी त्याच्याकडून जेवढं शिकले, तेवढं तीन दिवसांच्या भाषणांत शिकले नाही.

थायलंडचं नाव निघालंच आहे, तर तिथे थोडं थांबू. तुम्हाला सगळ्यांना ३० बातची योजना माहीत आहे. बात म्हणजे तिथलं चलन. एका भेटीला ३० बात द्यायचे, बाकीचा खर्च सरकारचा. एप्रिल २००१ मध्ये सहा प्रांतांत सुरू झाली, वर्षभरात देशभर गेली, २००२ च्या अखेरीस तिचा कायदा झाला. आपल्याकडून जो जातो तो परत येऊन म्हणतो, ‘आपणही ३० रुपयांत करू या.’ अहो, ३० बात ही वरची पाटी आहे. खालचं यंत्र असं, की माणूस आपल्या भागातल्या रुग्णालयाकडे नोंदवलेला असतो आणि सरकार त्या रुग्णालयाला डोईमागे ठरलेली रक्कम देतं. सुरुवातीला ती वर्षाला १,२०२ बात होती. आपली जीवनदायी, म्हणजे आताची महात्मा फुले योजना, ऑपरेशनच्या पॅकेजमागे पैसे देते. एकीत माणूस बरा राहिला तर रुग्णालयाचा फायदा, दुसरीत तो टेबलावर आला तर.

आणि हे सुचलं कुणाला? डॉ. संगुआन नितयारम्फोंग. सिसाकेत प्रांतात रासी सलाई नावाच्या गावातल्या छोट्या रुग्णालयात ते एकटे डॉक्टर होते. १९७३ च्या ऑक्टोबरमधल्या विद्यार्थी उठावाची ही पिढी. सक्तीची ग्रामीण सेवा करायला गेलेली ही मुलं एकमेकांना धरून राहिली. त्यांनी ग्रामीण डॉक्टरांची संघटना बांधली. १९८६ पासून त्यातले काही जण बँकॉकजवळच्या सांपरानला नियमित जमू लागले. डॉ. प्रवेत वासी त्यांच्यातले वडीलधारे. कुणी खात्यात होता, कुणी विद्यापीठात, कुणी जिल्ह्यात. कुणाचा पेपर कुठे छापून आला याची चर्चा नाही. पुढच्या खेपेपर्यंत कोण काय तपासून आणणार, एवढंच. प्रवेत वासी म्हणत, डोंगर हलवायचा तर त्रिकोण लागतो : ज्ञान, लोकांची चळवळ आणि राजकारणाशी दुवा. २००१ ची निवडणूक जिंकू पाहणारा पक्ष कल्पना शोधत आला, तेव्हा यांच्याकडे हिशेबासकट कागद तयार होता. १९८६ ते २००१. पंधरा वर्षं मोजा.

म्हणून नेटवर्क कुठलंही असू दे, मी एकच चौकशी करते. दोन परिषदांच्या मधल्या महिन्यांत तिथे काय चालतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसते अभिनंदनाचे गुच्छ पडत असतील तर ते नेटवर्क नाही, वरात आहे. वरातीतही मजा असते, माझी तक्रार नाही. पण रात्री अकराला ‘तुमच्याकडे ऑक्सिटोसिन (बाळंतिणीचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन) थंड ठेवायचं कसं जमवता?’ असं विचारलं आणि श्रीलंकेतून सकाळपर्यंत उत्तर आलं, तर तिथे नाव घाला.

आपल्याकडेही असं काही घडलंय, ते मात्र आपण विसरतो. मेडिको फ्रेंड सर्कल १९७४ मध्ये सुरू झालं, जयप्रकाशजींच्या आंदोलनाच्या काळात, तरुण डॉक्टरांचं. त्यांच्या वार्षिक बैठका अनेकदा सेवाग्रामला होत. स्वतःच्या खर्चाने यायचं, सतरंजीवर बसायचं. निबंध आधीच पाठवलेले असत आणि बैठकीत ते वाचून दाखवायचे नाहीत, थेट वाद घालायचा. सेवाग्रामच्या थंडीत पहाटेपर्यंत चाललेले वाद ज्यांनी ऐकलेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पंचतारांकित हॉटेलातल्या परिषदेत चौथा वक्ता स्लाइड वाचत असतो तेव्हा मला हटकून ती सतरंजी आठवते.

तरुणांसाठी मुद्दाम आखलेले कार्यक्रमही आहेत. ‘इमर्जिंग व्हॉइसेस’ त्यातला जुना. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेने २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला झालेल्या आरोग्य व्यवस्था संशोधनाच्या जागतिक परिषदेच्या निमित्ताने सुरू केला. आधी ऑनलाइन तयारी, मग समोरासमोर, मग मुख्य परिषद. तो जगभरासाठी आहे. त्यात आपल्या भागातले लोक एकमेकांना शोधतात आणि पुढे त्यांचं आपलं वेगळं चालू राहतं. लोकचळवळीची वाट हवी असेल तर जनस्वास्थ्य अभियान आहे. २००० च्या अखेरीस कोलकात्याला मोठी सभा झाली आणि तिथून बरेच जण बांगलादेशात साव्हारला, डॉ. झफरुल्ला चौधरींच्या गणस्वास्थ्य केंद्रात, जागतिक लोकआरोग्य सभेला गेले.

बांगलादेशावरून आठवलं. ‘प्रादेशिक’ या शब्दावर फार विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या नकाशात आपण दक्षिण-पूर्व आशियात, कार्यालय दिल्लीत. पाकिस्तान मात्र पूर्व भूमध्य विभागात, त्याचं कार्यालय कैरोत! २०२५ मध्ये इंडोनेशियाही आपला विभाग सोडून पश्चिम पॅसिफिकमध्ये गेला. मच्छर, क्षयाचे जंतू आणि बनावट औषधं हा नकाशा वाचत नाहीत. तेव्हा नेटवर्कने आखलेल्या हद्दीपलीकडचाही एखादा दोस्त धरून ठेवा.

आता सरकारी नोकरीतल्यांसाठी व्यवहाराची गोष्ट. निवड झाल्यावर ना हरकत प्रमाणपत्र मागायला जाल तर विमान चुकेल. माझं दुसऱ्या वर्षी चुकलं. फाईल एका टेबलावर सतरा दिवस होती, कारण निमंत्रण पत्रावर गोल शिक्का नव्हता. परदेशातल्या लोकांना ईमेल करून मी समजावत होते की सहीवर शिक्का हवा. त्यांनी बिचाऱ्यांनी शेवटी तो बनवून घेतला! तोवर परिषद संपली होती. म्हणून अर्ज करतानाच वरिष्ठांना लेखी कळवा, आवक क्रमांक घ्या. आणि खर्च कोण करणार हे पत्रात स्पष्ट लिहून मागा, तिकीट, राहणं, व्हिसा, सगळं.

शिफारसपत्राचंही तसंच. मोठ्या नावाच्या मागे लागू नका. ज्या अधिकाऱ्याने तुमचं काम पाहिलंय, भले तो जिल्ह्यातलाच असेल, त्याने लिहिलेला एक खरा प्रसंग निवड समिती वाचते. मी अशा समितीवर दोनदा बसलेय. ‘अत्यंत कष्टाळू व होतकरू’ हे शब्द तिसऱ्या पत्रानंतर दिसेनासे होतात.

ती मुलगी आज इथे आलीय, मागच्या रांगेत. नाव सांगत नाही, लाजेल. काल रात्री तिने अर्जातलं ते उत्तर बदलून मला पाठवलं. तळमळ गेलीय. सुरुवात अशी आहे : ‘आमच्या सर्वांत लांबच्या पाड्यापासून रुग्णालय ४६ किलोमीटरवर आहे. १०२ ची गाडी आहे, चालक आहे, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डिझेल कुणी भरायचं यावर तीन कार्यालयांत पत्रव्यवहार चालू आहे. तुमच्या नेटवर्कमधल्या इतर देशांत ही सही कोण करतं, हे मला विचारायचं आहे.’