सप्टेंबरच्या धुक्यातून

(पडदा काळा. गिटारचे मोजके स्वर.)

पहाट. गवतावर दव आहे. एक माणूस शेतातून एकटाच चाललाय. मातीचा वास येतो, गव्हाचा वास येतो. तो सूर्य शोधतोय, पण सगळीकडे धुकं आहे. समोर एक घोडा मान लांबवून गवताकडे वाकलेला. माणूस एक पाऊल टाकतो, आणि घोडा पळून जातो. आपण कोण आहोत, हे त्या माणसाला अजून कळलेलं नाही.

गाण्यात घडतं ते इतकंच. आणि मग, जिथे ध्रुवपद यायला हवं, बरोबर तिथे गायक गप्प होतो.

(मोग सिंथेसायझरची धून. पूर्ण वाजू द्यावी. निवेदन नाही.)

या गाण्याचं ध्रुवपद कोणी गात नाही. ते मोग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर स्वर तयार करणाऱ्या वाद्यावर वाजतं. हे वाद्य तेव्हा इटलीत अगदी नवं होतं. माणसाला जे सांगता येत नव्हतं ते या यंत्राने सांगितलं, आणि ते एकदा ऐकलेला माणूस ती चाल विसरत नाही. गाण्याचं नाव 'इम्प्रेस्सिओनी दि सेत्तेम्ब्रे', म्हणजे सप्टेंबरने मनावर उमटवलेल्या खुणा. बँड मिलानचा, प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी. चाहते नुसतं पीएफएम म्हणतात. हे गाणं असलेली त्यांची पहिली एलपी 1972 साली आली.

इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, वळणं घेत जाणाऱ्या रचनांचं रॉक संगीत, कुठून ऐकायला घ्यावं, असं कोणी विचारलं की मी या एका गाण्याचं नाव सांगते. यादी देत नाही. पन्नास एलपींची यादी हातात पडली की माणूस एकही नीट ऐकत नाही.

(दृश्य: उत्तर इटलीतलं छोटं शहर, बेकरीची भट्टी, पहाटेचे पाव.)

फोर्नेरिया म्हणजे पावाची भट्टी, बेकरी. ब्रेशाजवळच्या क्यारी गावात 'फोर्नेरिया मार्कोनी' नावाची एक बेकरी होती. बँडने नाव घेतलं ते तिचं. ही मंडळी आधी स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करायची. गिटारवर फ्रांको मुसिदा, ड्रमवर फ्रान्झ दि चोच्चो, की-बोर्डवर फ्लाविओ प्रेमोली. कवी-गायक फाब्रित्सिओ दे आंद्रे याच्या 1970 च्या रेकॉर्डवरही त्यांचंच वादन आहे. पुढे बासरी आणि व्हायोलिन घेऊन माउरो पागानी आला, आणि साथीदारांचा बँड झाला. त्यांच्या वादनातली सफाई या मेहनतीतून आली आहे. पहिल्याच एलपीवर 'ए फेस्ता' नावाचं एक गाणं आहे. त्यात दक्षिण इटलीतल्या तारांतेल्ला नाचाची धावती लय आहे. ऐकताना पाय जागेवर राहत नाहीत.

आता जरा मागे जाऊ. साठच्या दशकात इटलीतले तरुण बँड इंग्लंडची गाणी घ्यायचे, वर इटालियन शब्द बसवायचे आणि वाजवायचे. मग इंग्लंडचेच दोन बँड आले, जेनेसिस आणि व्हॅन डर ग्राफ जनरेटर. मायदेशात त्यांना अजून फारसं कोणी विचारत नव्हतं, पण इटलीने त्यांना डोक्यावर घेतलं. व्हॅन डर ग्राफची 'पॉन हार्ट्स' ही एलपी 1972 मध्ये इटलीच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. मला याचं नवल वाटत नाही. ज्या देशात लोक ऑपेरातल्या चाली घरात गुणगुणतात, तिथे वीस मिनिटांचं, चार वळणं घेणारं, मधेच कुजबुजणारं आणि मधेच गरजणारं गाणं लोकांना परकं का वाटावं?

इटालियन बँडनी इंग्लंडकडून ऑर्गन घेतला, मेलोट्रॉन (टेपवरचे स्वर वाजवणारा की-बोर्ड) घेतला, लांबलचक रचना घेतल्या. गळा मात्र आपलाच ठेवला.

(दृश्य: मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेलं रेकॉर्डचं वेष्टन, आतून बाहेर येणारी कागदाची पट्टी.)

हा गळा कसा होता, ते कळतं बांको देल मुतुओ सोकोर्सो ऐकल्यावर. रोमचा बँड. नावाचा अर्थ 'एकमेकांना मदत करणारी पेढी', म्हणून पहिल्या एलपीचं वेष्टन मातीच्या गल्ल्याच्या आकाराचं. फटीतून पट्टी ओढली की वादकांचे फोटो बाहेर येतात. व्हित्तोरिओ आणि जान्नी नोचेन्झी हे दोघे भाऊ ऑर्गन आणि पियानोवर समोरासमोर. आणि मध्ये फ्रांचेस्को दि जाकोमो. आडवा देह, छातीपर्यंत दाढी. दिग्दर्शक फेलिनीच्या चित्रपटांत तो छोट्या भूमिकांतही दिसतो.

हा माणूस गायला लागला की रॉकचा गायक वाटतच नाही. स्वर भरदार, वर चढतानाही कुठे ओढाताण नाही. शब्द न कळताही दुःख कळतं. माझ्या मते त्या काळातल्या युरोपातल्या कोणत्याही रॉक गायकापेक्षा हा आवाज मोठा आहे, आणि हे मी पूर्ण विचार करून म्हणते.

1972 सालातलीच त्यांची दुसरी एलपी 'दार्विन!'. विषय उत्क्रांतीचा. पहिलीच रचना जवळजवळ चौदा मिनिटांची. पण नव्या श्रोत्याने आधी तिसरी किंवा चौथी वगैरे शोधत बसू नये; थेट ते गाणं लावावं ज्याच्या नावातच साडेसात लाख वर्षांपूर्वीचा काळ आणि प्रेमाबद्दलचा प्रश्न आहे. एक आदिमानव एका स्त्रीकडे लांबून बघतोय. ती त्याला हवी आहे. पण ते सांगायला त्याच्याजवळ भाषा नाही. त्याच्या मनातलं दि जाकोमो गातो, आणि खाली पियानो हळुवार चालत राहतो.

(गाण्याचा तुकडा. आवाज हळूहळू विरत जातो.)

पुन्हा तेच. शब्द नसलेला माणूस, आणि त्याची जागा घेणारं संगीत.

एक सूचना मात्र आग्रहाने करते. यातल्या काही बँडनी परदेशी बाजारासाठी इंग्रजीत रेकॉर्ड केल्या. पीएफएमची 1973 ची इंग्रजी एलपी इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश बँडच्या मँटिकोर कंपनीने काढली, शब्द आधी किंग क्रिम्सन या बँडसाठी गीतं लिहिणाऱ्या पीट सिनफील्डचे. व्हेनिसकडच्या ले ओर्मे या तिघांच्या बँडची 'फेलोना ए सोरोना' व्हॅन डर ग्राफच्या पीटर हॅमिलने इंग्रजीत आणली. दोघेही मोठे लेखक. तरी सुरुवात इटालियनमधूनच करा. या चाली इटालियन शब्दांच्या अंगाने वाढल्या आहेत. शब्दाच्या शेवटी येणारा मोकळा स्वर गायकाला थांबायला, लांबवायला जागा देतो. इंग्रजीत ती जागा बुजते.

'फेलोना ए सोरोना' ही दोन ग्रहांची कथा. एक उजेडातला, सुखी. दुसरा अंधारातला. एक क्षण असा येतो की दोघांच्या वाट्याला सारखाच प्रकाश असतो, आणि मग पारडं उलटं फिरतं. ले ओर्मेचा गायक आल्दो ताल्यापिएत्राचा आवाज दि जाकोमोच्या अगदी उलट. पातळ, कोवळा, जरा घाबरलेला. कथेला तोच शोभतो.

यानंतर कान तयार झाले की नेपल्सच्या 'इल बालेत्तो दि ब्राँझो'ची 1972 ची 'इस' ऐका, किंवा 'मुझेओ रोझेनबाख'ची 1973 ची 'झारातुस्त्रा'. पहिली काळोखी आहे, भीती घालते. ती पहिल्याच दिवशी ऐकू नये.

(दृश्य: सत्तरच्या दशकातलं मिलान. मोर्चे, भिंतींवरच्या घोषणा, पोलिसांच्या रांगा.)

हे सगळं घडत होतं ते काही शांत देशात नाही. 5 जुलै 1971 ला मिलानच्या व्हिगोरेल्ली मैदानात लेड झेपेलिन या इंग्लिश बँडचा कार्यक्रम अश्रुधुरात मोडला. तिकिटाचे पैसे का द्यायचे, संगीत सगळ्यांचं आहे, असं म्हणत तरुणांचे जथे फाटक तोडायचे. मैफली राजकारणाच्या सभा होऊ लागल्या. दशक संपेपर्यंत लाट ओसरली. कित्येक बँड एका एलपीपुरतेच जगले. त्यांच्या रेकॉर्ड नंतर जपानी कंपन्यांनी पुन्हा काढल्या, म्हणून आज आपल्या हाती आहेत.

त्या राजकारणाचा आवाज म्हणजे आरेआ हा बँड. आणि आरेआचा आवाज देमेत्रिओ स्त्रातोस. ग्रीक आईवडिलांचा, इजिप्तच्या अलेक्झांड्रियात जन्मलेला, मिलानमध्ये गाणारा. 1973 ची त्यांची पहिली एलपी सुरू होते ती अरबीत बोलणाऱ्या एका स्त्रीच्या आवाजाने. मग बाल्कन लोकसंगीताची, विषम मात्रांची वेगवान चाल उसळते. स्त्रातोस एकाच वेळी गळ्यातून एकाहून जास्त स्वर काढायचा. पादुआच्या संशोधकांनी त्याच्या आवाजाचा अभ्यास केला. शब्दांआधी आवाज होता, त्याच्याकडे परत जायचं, हा त्याचा ध्यास.

1979 मध्ये त्याला रक्ताचा गंभीर आजार झाला. उपचारासाठी न्यूयॉर्कला नेलं. खर्च मोठा, म्हणून मिलानच्या कलावंतांनी आरेना चिव्हिका मैदानात मदतीसाठी मैफल ठरवली. तारीख 14 जून.

13 जूनला स्त्रातोस गेला. वय 34.

(दृश्य: मैदान, हजारो माणसं, संध्याकाळ.)

मैफल रद्द झाली नाही. एकामागून एक कलावंत आले. बांको आले. आणि आरेआचे वादकही मंचावर आले. त्यांनी आपापली वाद्यं उचलली, आणि गायकाविना वाजवायला सुरुवात केली.