रुग्णाला ओळखणारा डॉक्टर

मित्रहो, कुटुंबवैद्यक, म्हणजे फॅमिली डॉक्टरची वैद्यकशाखा, रुग्णाला आणि आरोग्यव्यवस्थेला उपयोगी का पडते, हा आजचा विषय आहे. व्यवस्थेचे आकडे मी शेवटी मांडणार आहे. त्याआधी एका रुग्णेची हकीकत सविस्तर सांगतो, कारण माझे म्हणणे तिच्यात अधिक स्पष्ट दिसते.

साठी ओलांडलेल्या एक बाई गुडघेदुखीसाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेल्या आणि वेदनाशामक गोळी रोज घेऊ लागल्या. अशा गोळ्यांनी रक्तदाब चढू शकतो, तसा तो चढला, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी ॲम्लोडिपिन या रक्तदाबावरच्या औषधाचा डोस वाढवला. त्याने पावलांवर सूज आली; ती उतरावी म्हणून तिसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली. तिने युरिक ॲसिड वाढले, पायाच्या अंगठ्याचा सांधा ठणकू लागला, आणि त्या ठणक्यावर पुन्हा तेच वेदनाशामक, फक्त निराळ्या कंपनीच्या नावाने, सुरू झाले. या तज्ज्ञांना मी दोष देत नाही, आणि तो देण्याची आमच्या पेशातली सवय मला मान्यही नाही. प्रत्येकाने समोरचे लक्षण नीट पाहिले होते. मात्र सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मांडून यातली पहिली गोळी कोणती आणि ती का लागली, हे विचारणे कोणाकडेच सोपवलेले नव्हते. ते काम फॅमिली डॉक्टरचे आहे. बाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत आणि त्यांना उचलून बसवण्याचा भार बाईंच्या गुडघ्यांवर येतो, हे मला त्या घरात जाणे-येणे असल्यामुळे ठाऊक होते. उचलायला मदतनीस मिळाला, वेदनाशामक थांबले, आणि मग बाकीची औषधेही टप्प्याटप्प्याने कमी करता आली.

वेळ संपत आल्याची सूचना मिळाली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगतो. 1961 मध्ये केर व्हाइट हे आरोग्यसेवेचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा अंदाज मांडला, की 1000 प्रौढांपैकी महिन्याभरात 750 जणांना काही ना काही त्रास होतो, 250 जण डॉक्टरकडे जातात, 9 जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत एकच पोहोचतो. आपले वैद्यकीय शिक्षण बहुतांशी त्या एकाभोवती फिरते. दवाखान्यात आलेल्या डोकेदुखीमागे गंभीर आजार असण्याची शक्यता मोठ्या रुग्णालयातल्या डोकेदुखीपेक्षा बरीच कमी असते, म्हणून थांबून पुन्हा तपासणे हीदेखील तिथे निदानाची पद्धत ठरते. मात्र पुन्हा तपासणारा डॉक्टर तोच असावा लागतो.

अमेरिकन डॉक्टर-संशोधक बार्बरा स्टारफील्ड यांनी प्राथमिक सेवेची, म्हणजे रुग्ण सर्वप्रथम जिथे जातो त्या सेवेची, चार अंगे सांगितली: पहिला संपर्क, सातत्य, सर्वसमावेशकता आणि समन्वय. यातल्या सातत्याचा पुरावा नॉर्वेतून मिळतो. तिथे 2001 पासून नागरिकांची नोंद ठरावीक डॉक्टरकडे असते. तिथल्या अभ्यासात 15 वर्षांहून अधिक काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांमध्ये, एकाच वर्षाचा संबंध असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 28 टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण 25 टक्क्यांनी कमी आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण नाते जितके जुने तितका हा फरक मोठा दिसतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

अशी नोंदणी आपल्याकडे राबवायची तर ब्रिटनमधले फॅमिली डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये दिलेला इशाराही ध्यानात ठेवावा लागेल: जिथे गरज अधिक, तिथेच चांगली सेवा कमी मिळते. त्यामुळे आजारी आणि गरीब वस्तीतल्या डॉक्टरकडे नोंदलेले रुग्ण कमी आणि त्याचा मोबदला अधिक असला पाहिजे.