दरमहा शेकडा एक

नमस्कार, श्रोतेहो. नाशिकमध्ये कुणालाही पांडवलेण्यांची वाट विचारा, तो मुंबई-आग्रा महामार्गाकडे बोट दाखवील. पांडवांचा मात्र तिथे काडीचाही संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची 24 लेणी. डोंगराचं शिलालेखांतलं नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी.

शाळेच्या सहलीत आपण सगळेच तिथे डबे खाऊन आलो. मूर्ती पाहिल्या, फोटो काढले, भिंतीवरची अक्षरं तेवढी पाहायची राहिली. पुढच्या खेपेला दहाव्या लेण्याच्या ओसरीत जरा थांबा. इथे राज्य करणाऱ्या नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा तिथे चक्क जमाखर्च आहे! त्या काळच्या गणनेचं साल 42, महिना वैशाख. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवली. आपल्या गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन, तेच हे. त्यातले 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, नुसती ‘वढि’, म्हणजे व्याज, वापरायची. वाढीदिढीतली वाढी ती हीच. आता हिशेब करा: 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. पै न पै जुळते. शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून फलकावर नोंदवलेलं. आजच्या ठेवीच्या पावतीत यापेक्षा जास्त काय असतं?

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं हे घराणं उखडलं. तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री तसं ठणकावून सांगते. त्या लेण्याचा ओटा खांद्यावर पेलणारे दगडी यक्ष बघायला विसरू नका. पण गंमत अशी, की उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं तेव्हाचं माप) शेत जिंकल्यावर गौतमीपुत्राने दिलं ते याच डोंगरावरच्या भिक्षूंना. राज्य बदललं, दानाचा पत्ता तोच राहिला.

सगळ्यात जुनं लेणं एकोणिसावं. अगदी लहान, पायऱ्या चढून दमलेली मंडळी तिथवर येतच नाहीत. सातवाहन राजा कन्ह याच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे बड्या राजअधिकाऱ्याने, ते खोदवलं. त्याची ओळ वाचतो, ऐका: ‘सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेन लेण कारित.’

‘लेण कारित’. रिक्षावाल्याला आपण पांडवलेणी सांगतो ना, त्यातले पांडव खोटे. लेणी मात्र तेव्हापासूनची.