तळीरामाला हसलेलं पान

मंडळी, सुरुवात उत्तरपत्रिकांपासून करते, कारण आपलं सगळ्यांचं निम्मं आयुष्य त्यातच गेलंय. राम गणेश गडकऱ्यांच्या नाटकावर प्रश्न होता: ‘एकच प्याला’मधील सुधाकराच्या अधःपाताची कारणमीमांसा करा. साठ उत्तरपत्रिका. साठही जणांचा सुधाकर ‘बुद्धिमान, मानी व तापट’. चाळीसेक ठिकाणी शोकनाट्याची मीमांसा करणारा ॲरिस्टॉटल, त्याचं नाव पाच-सहा तऱ्हांनी लिहिलेलं. गाईड मात्र सगळ्यांचं एकच. एकाही पोराला नाटक लागलं नव्हतं. आणि मी तर ते आवाज काढून, पदं म्हणून रंगवलं होतं! तास छान व्हायचे. माझे व्हायचे, त्यांचे नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तालुक्याचं कॉलेज, एस.टी.नं येणारी मुलं. गडकऱ्यांची अलंकारांनी लगडलेली वाक्यं ऐकून ती आधी दबूनच जातात. त्यांना मी एक हकीकत सांगायची. गडकऱ्यांनी हे नाटक रंगभूमीवर पाहिलंच नाही. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला ते गेले, वय अवघं तेहतीस. गंधर्व नाटक मंडळीनं पहिला प्रयोग बडोद्याला केला तो त्यानंतर महिन्याभरानं, २० फेब्रुवारीला. नाटकातली पदंही त्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व त्याची बायको सिंधू. ज्यांच्या शालू-पैठण्या पाहायला लोक यायचे, ते बालगंधर्व फाटक्या लुगड्यात जात्यावर बसले. हे सांगितलं की वर्ग सावरून बसतो. पण सावरून बसणं म्हणजे नाटकाशी झटापट करणं नव्हे.

वह्यांचा उद्योग मी त्या साठ उत्तरपत्रिकांनंतर सुरू केला. शंभर पानी साधी वही. प्रत्येक प्रवेश वाचून झाला की सात मिनिटं लिहायचं, चर्चा त्यानंतर. हा क्रम मी कधी मोडला नाही. आधी चर्चा झाली की पुढच्या बाकावरची दोन हुशार मुलं बोलतात आणि बाकीचे पन्नास जण तेच आपलं मत म्हणून लिहितात. शुद्धलेखन तपासायचं नाही, गुण द्यायचे नाहीत. मी पण लिहायचं. टेबलाशी बसून त्यांच्यासारखीच सात मिनिटं. पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा पेन अडलं. वीस वर्षं शिकवलेल्या नाटकाबद्दल माझ्याकडे नोट्स होत्या, मत नव्हतं.

प्रश्नही बदलावे लागले. ‘सुधाकराविषयी तुम्हाला काय वाटते?’ असं विचारलं की ‘दारू वाईट आहे’ हेच उत्तर येतं, आणि त्यासाठी पाच अंक वाचायची गरज नाही. मग मी बारीक प्रश्न विचारू लागले. मुन्सफाशी भांडण होऊन वकिलीची सनद गेल्यावर सुधाकर घरी येतो. त्या संध्याकाळी त्याच्याशी कोणी बोलायला हवं होतं, आणि पहिलं वाक्य काय? एकानं लिहिलं, ‘काहीच बोलू नये, जेवायला वाढावं.’ दुसऱ्यानं सुधाकराच्या मित्राबद्दल लिहिलं, ‘रामलालनं बोलू नये, तो फार छान बोलतो.’ या एका वाक्यावर आमचा अख्खा तास गेला. चांगल्या माणसांची चांगली भाषणं या नाटकात कुणालाच वाचवत नाहीत, हे मी इतक्या वर्षांत कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

पण मला आज मुख्यतः सांगायचंय ते सुधाकराला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाबद्दल. आर्य मदिरामंडळाचा, म्हणजे पिणाऱ्यांच्या मंडळाचा प्रवेश वाचताना वर्ग हसतो. हसणारच, गडकऱ्यांनी तो हसण्यासाठीच लिहिलाय. तळीरामाची हजरजबाबी बडबड, पिण्याच्या समर्थनाचे ते तर्कट! तो प्रवेश झाला की मी सांगायची, आज एवढंच लिहा: तुम्ही नेमकं कोणत्या वाक्याला हसलात. वाक्य उतरवा, खाली तारीख टाका, पुढे अर्धं पान कोरं सोडा. मुलांना वाटायचं, मॅडमना आज कंटाळा आलाय.

मग तीन आठवडे नाटक पुढे सरकतं. सिंधू दळणं दळू लागते. ‘घास घे रे तान्ह्या बाळा’ हे पद मी म्हणत नाही, नुसतं वाचते. म्हटलं की लक्ष गळ्याकडे जातं. सुधाकराच्या हातून पोर जातं, सिंधूला जबर लागतं. त्या दिवशी लिहायला लावत नाही, घरी पाठवते. दुसऱ्या दिवशी सांगते, मदिरामंडळाचं पान काढा आणि त्या कोऱ्या अर्ध्या पानावर लिहा.

वर्गात पानं उलटल्याचा आवाज येतो आणि मग तोही थांबतो. कारण पुरावा समोर असतो, स्वतःच्या अक्षरात, तारखेसह. वही नसती तर प्रत्येकानं शपथेवर सांगितलं असतं की मला तळीराम पहिल्यापासून पटला नव्हता. शोकनाटकाचा शेवट माहीत झाला की आपण सगळे मागाहून शहाणे होतो. गडकऱ्यांचा डाव इथे आहे, असं माझं मत आहे, तुम्ही खुशाल भांडा. सुधाकरला पहिला प्याला तळीराम देतो, पण प्रेक्षकालाही तोच देतो, हशाच्या रूपात. आपण घेतो. नंतर जे होतं त्यात आपलाही घोट असतो. एका मुलानं त्या अर्ध्या पानावर एवढंच लिहिलं होतं: ‘परत वाचलं. परत हसू आलं.’ साठ उत्तरपत्रिकांमधल्या ॲरिस्टॉटलपेक्षा मला ते ॲरिस्टॉटलच्या जवळचं वाटलं.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्ही उद्या हा प्रयोग कराल आणि तीच कराल. पहिल्या वर्षी एका मुलानं सुधाकरविषयी इतकं जिवंत लिहिलं की मी भारावून ते वर्गात वाचून दाखवलं. नाव नाही घेतलं, पण वर्गाला कळायचं ते कळलं. मुलगा आठ दिवस आला नाही. लिखाण सुधाकरविषयी नव्हतंच. आपल्या वर्गात हे नाटक उघडताना लक्षात ठेवा की काही घरांत ते रोज रात्री साडेनऊला लागतं. तिथून आलेल्या पोराला ‘मनमोकळं लिही’ म्हणणं हा उपकार नसतो. चिंतन म्हणजे कबुलीजबाब नाही. ‘तुझ्या आयुष्याशी संबंध जोड’ असं मी पुन्हा कधी म्हटलं नाही. प्रश्न कायम नाटकातल्या ओळीवर, पात्रावर. कोणाला जोडायचं असेल तो जोडतोच, त्याला आपलं आमंत्रण लागत नाही.

त्यातून नियम आला दुमडलेल्या पानाचा. पान मधोमध दुमडलेलं असेल तर मी ते वाचत नाही. वाचल्याचा नुसता संशयही येऊ नये म्हणून वह्या घरी नेत नाही, वर्गातच त्यांच्यासमोर चाळते. मुलं पहिले पंधरा दिवस परीक्षा घेतात, बरं का. मुद्दाम काहीतरी चावट लिहून पान दुमडतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात.

वेळेचं विचाराल, तर अभ्यासक्रम मागे पडतो. माझा दर वर्षी पडला. त्या वर्षांत मी ‘शोकांतिका की शोकात्मिका’ हा वाद दोन तासांवरून वीस मिनिटांवर आणला, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. उत्तरपत्रिकांमध्ये फरक पडला का? थोडा. गाईडचं वाक्य लिहून पुढे ‘परंतु’ घालणारी मुलं वाढली. मला तेवढं पुष्कळ होतं.

शेवटचा अंक. सिंधू मरणाच्या दारात आहे, आणि मार कुणी दिला ते ती सांगत नाही. आपलं आपल्यालाच लागलं म्हणते, नवऱ्याला वाचवते. जुन्या टीकेनं इथे तिच्या पातिव्रत्याची आरती ओवाळली. नव्या टीकेनं तिला झोडपलं. मी दोन्ही बाजूंची भाषणं केलेली आहेत. वह्यांच्या काळात मी फक्त प्रश्न टाकला: हे वाक्य बोलताना सिंधू कोणाकडे बघत असेल? एकीनं लिहिलं, सुधाकरकडे. पुष्कळांनी लिहिलं, कोणाकडेच नाही. एक मुलगी म्हणाली, ‘जात्याकडे,’ आणि का ते सांगेना.

त्या दिवशी वर्गात बेचाळीस जण होते. वह्या चाळायला घेतल्या तेव्हा त्यातली अकरा पानं दुमडलेली होती. मी ती उलटली आणि पुढे गेले.